तालमूद शिकायचा, पण कोणाबरोबर?

दोघं जण एकच वस्त्र धरून न्यायाधीशापुढे उभे आहेत. एक म्हणतो, हे मला सापडलं, सगळं माझं. दुसराही तेच म्हणतो. मिश्नाचा, म्हणजे तालमुदातल्या मूळ नियमसंग्रहाचा, निवाडा असा, की दोघांनी शपथ घ्यायची, ‘यात माझा वाटा निम्म्याहून कमी नाही’, आणि वस्त्र निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. एक जण ‘सगळं माझं’ आणि दुसरा ‘अर्धं माझं’ म्हणत असेल, तर पहिल्याला पाऊण आणि दुसऱ्याला पाव. तालमूद या ज्यूंच्या धर्मकायद्याच्या ग्रंथातलं ‘बावा मेत्सिया’ हे प्रकरण असं सुरू होतं, अगदी भाऊबंदकीच्या खटल्यासारखं.

हे पान मी तीनदा शिकलो, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी. नात्यातलं, ओळखीतलं कुणी ना कुणी अधूनमधून विचारतं, की एकट्यानं वाचू, शिऊरला जाऊ, की हवरुता शोधू? शिऊर म्हणजे रब्बींनी, ज्यू धर्मगुरूंनी, घेतलेला वर्ग. हवरुता म्हणजे जोडीनं शिकणं. त्या जोडीदारालाही हवरुताच म्हणतात. म्हणून याच पानावर तिन्हींची तुलना करतो.

एकट्यानं शिकणाऱ्यांचा हल्लीचा राजमार्ग म्हणजे दाफ योमी. रोज एक दाफ, म्हणजे एक पाठपोट पान. 1923 साली व्हिएन्नाच्या अधिवेशनात रब्बी मेयर शापिरो यांनी ही कल्पना मांडली, की जगात कुठेही असलेल्या ज्यूनं त्या दिवशी तेच पान उघडावं. एकूण 2711 पानं, साधारण साडेसात वर्षं. सध्याची चौदावी फेरी 5 जानेवारी 2020 ला सुरू झाली, पुढची 8 जून 2027 ला सुरू होईल. सेफारिया या संकेतस्थळावर स्टाइनसाल्ट्झ यांचं इंग्रजी भाषांतर फुकट वाचता येतं, त्यामुळे ऐपतीचा प्रश्नच नाही.

मी सुरुवात अशीच केली, लोकलमध्ये, मोबाइलवर. वस्त्राचं पान वीस मिनिटांत उरकलं. पाऊण आणि पाव हे गणित कळलं, मान डोलावली, पुढचं पान. आठवड्यानं बायकोनं विचारलं, काय वाचतोयस? मी म्हणालो, दोघांचं भांडण आहे कपड्यावरून. त्यापुढे मला एक वाक्य सांगता आलं नाही.

यात दोष दाफ योमीचा नाही. रोजची शिस्त आणि पुस्तकाचा पूर्ण आवाका या दोन बाबतीत तिला तोड नाही. पण मुकाट्यानं वाचण्याविषयी खुद्द तालमूदच फार कडक आहे. एरुविन प्रकरणात एक विद्यार्थी पुटपुटत शिकताना दिसतो, तेव्हा विदुषी बरुरिया त्याला चक्क लाथ मारते. तिथेच पुढे रब्बी एलिएझरांच्या एका शिष्याची गोष्ट येते. तो मनातल्या मनात शिकायचा, तीन वर्षांत सगळं विसरला. लोकलमध्ये मी पुटपुटतसुद्धा नव्हतो.

मग शिऊर. ऑनलाइन वर्ग होता, शिकवणारे रब्बी उत्तम. पानाची रचना प्रथम त्यांच्यामुळे समजली. मधोमध मूळ मजकूर, बांधणीच्या बाजूला राशी या मध्ययुगीन भाष्यकारांचं भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे त्यांच्यानंतरच्या पंडितांच्या टिपा. राशी सरळ अर्थ सांगतात आणि तोसाफोतवाले तो खोडायला बसलेले. त्यांच्यात राशींचे सख्खे नातूही आहेत. आजोबांचं बोलणं त्यांच्या शेजारीच छापून खोडणारे नातू! रब्बींनी आधी शंका काढली, मग ती सोडवली, मग त्यावर आणखी एक काढली. तास संपला तेव्हा मला वाटलं, वा, आता सगळं आलं.

ते मला आलेलं नव्हतं, रब्बींना येत होतं. मी ऐकलं होतं. आम्हा बेने इस्रायलींना, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, हा अनुभव नवा नाही. 1880 च्या सुमारास आमच्या मुंबईतल्या मंडळींनी अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनात लावल्या, साक्या-दिंड्यांसकट. हिब्रू न कळणाऱ्या कितीतरी घरांत बायबल पोचलं ते त्या वाटेनं, हे ऋण मोठं आहे. पण बुवांना मध्येच थांबवून ‘अहो, योसेफानं बापाला इतकी वर्षं साधा निरोप का धाडला नाही?’ असं कुणी विचारत नाही. कीर्तनात डोळे पुसायचे असतात, हात वर करायचा नसतो. शिऊरमध्ये हात वर करता येतो, पण तीस चौकटींमधली आपली एक चौकट उजळायला धाडस लागतं. मी वर्षभरात दोनदा विचारलं.

तिसऱ्या वेळी हे पान मावसभावाबरोबर उघडलं. तो इस्रायलमध्ये लोदला असतो, मी ठाण्याला. त्याचे आठ म्हणजे माझे हिवाळ्यात साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. तो हिब्रू वाचतो, मी इंग्रजी, आणि भांडण मराठीत. पहिल्याच ओळींवर तो अडला.

‘निम्म्याहून कमी नाही, असं आडवळणानं कशाला? अर्धं माझं, म्हण ना सरळ.’

‘अरे, आत्ता तर तो सगळं माझं म्हणत होता. अर्धं म्हटलं की स्वतःचंच बोलणं पडलं.’

‘मग सगळं माझं अशीच शपथ घे की.’

‘आणि देणार अर्धंच? मग शपथ कशाची घेतली?’

पाऊण तास हेच. शेवटी तो म्हणाला, ‘म्हणजे शपथ अशी पाहिजे, की खोटीही पडणार नाही आणि हातात येईल त्याच्याशी जुळेलही.’ तेव्हा कुठे ते आडवळण उलगडलं. पुढे तीन पानांनंतर बघतो तो गमारा, म्हणजे मिश्नावरची तालमुदातली चर्चा, अगदी हेच प्रश्न विचारते आणि राव हूना या पंडितांच्या शब्दांत शपथ सांगते: यात माझा वाटा आहे, आणि तो निम्म्याहून कमी नाही. सतराशे वर्षांपूर्वीची शंका आमची आम्हाला सापडली होती! रात्री पाऊण वाजता मी टाळी वाजवली, शेजारच्या खोलीतून बायको ओरडली.

हवरुतेचं मर्म सांगणारी गोष्टही याच ‘बावा मेत्सिया’ प्रकरणात आहे. अभ्यासातला जोडीदार रेश लाकीश वारल्यावर रब्बी योहानान खचले. त्यांचं मन रमावं म्हणून एलाझार बेन पेदात या हुशार पंडिताला त्यांच्याकडे धाडलं. योहानान काही बोलले, की हा म्हणे, तुमच्या म्हणण्याला अमुक वचनाचा आधार आहे. योहानान चिडले. म्हणाले, रेश लाकीश माझ्या प्रत्येक बोलण्यावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय आपोआप रुंदावत जायचा. मी बरोबर बोललो, हे काय मला ठाऊक नाही? मग कपडे फाडून ‘कुठे आहेस तू’ म्हणत रडत फिरले.

म्हणून जोडीदार निवडताना माझं एकच माप आहे: तो तुमच्या बोलण्यावर हरकत घेतो का? विद्वान नसला तरी चालेल. ‘बरोबर आहे तुझं’ म्हणणारा मित्र लग्नकार्यात कामाचा, इथे नाही.

हवरुतेचे तोटेही सांगतो. पहिला म्हणजे वेग. आम्ही त्या एका पानावर सहा आठवडे होतो. तेवढ्यात दाफ योमीवाले बेचाळीस पानं पुढे गेले. दुसरा, गप्पा. तासातली पंधरा मिनिटं मावशीच्या गुडघ्यांवर जातात. तिसरा सगळ्यात वाईट. दोघंही एकदम चुकलो तर सांगणारं कुणी नसतं. गमाराच्या अरामी भाषेतल्या एका शब्दाचा उलटा अर्थ धरून आम्ही तीन आठवडे जोरजोरात वाद घातला, राशी उघडले तेव्हा दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली.

तेव्हा निवड अशी करा. मिश्ना कुठली आणि गमारा कुठली हेच माहीत नसेल, तर आधी चार-सहा महिने शिऊर. जोडीची घाई नको. पुस्तकभर एकदा नजर फिरवायची हौस असेल आणि रोजचा प्रवास असेल, तर दाफ योमी, पण संध्याकाळी घरात कुणालातरी ते पान सांगायचंच. सांगता आलं नाही, तर वाचलं नाही असं धरा. पान पुन्हा उघडून वाद घालायची भूक असेल आणि आठवड्याचा एक तास खरोखर मोकळा असेल, तर हवरुता. यातलं एकच ठेवा म्हटलं, तर मी डोळे मिटून हवरुता ठेवीन. रब्बी हनिना म्हणून गेले, गुरूंकडून पुष्कळ शिकलो, सोबत्यांकडून त्याहून जास्त, आणि शिष्यांकडून सगळ्यांत जास्त. शिष्य मला नाहीत, मावसभाऊ आहे.

आणि जोडीदार मिळालाच नाही तर? त्याचीही सोय पेसाहच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या, रात्रीच्या नियमांत केलेली आहे. त्या रात्री मुलानं प्रश्न विचारायचे. मुलगा समजदार नसेल तर बायकोनं, तीही नसेल तर माणसानं स्वतःलाच विचारायचे. सगळे नियम पाठ असलेले दोन पंडित एकत्र बसले, तरी त्यांनीसुद्धा एकमेकांना विचारायचे. आमच्याकडे 1846 साली मुंबईत छापलेल्या हागादापासून, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पुस्तकापासून, हे प्रश्न मराठीतही आहेत. तेव्हा एकटे असाल तर पान उघडा, दार लावून घ्या आणि स्वतःलाच विचारा, मोठ्यानं. मनातल्या मनात नको, बरुरिया बघतेय.