मोठ्या टबात बाळाची आंघोळ: मॅट घ्या, सीट राहू द्या

साधारण सहा महिन्यांनंतर बाळ आधाराशिवाय नीट बसू लागलं की छोटा टब अपुरा पडतो. मोठ्या टबाकडे वळताना दोन वस्तू हमखास समोर येतात: बाळ घसरू नये म्हणून टबाच्या तळावर अंथरायची सक्शन कपवाली (दाबल्यावर तळाला चिकटणाऱ्या छोट्या वाट्यांची) रबरी मॅट आणि बाळाला मधोमध बसवायची बाथ सीट. दिसायला सीट जास्त भक्कम वाटते, तरी पैसे घालायचे ते मॅटमध्ये.

बाळ एका जागी टिकत नाही, म्हणून मॅट टबाचा बहुतेक तळ व्यापणारी हवी. फक्त पाणी जायचं भोक मोकळं राहू द्या. कप फक्त कडेला असतील तर बाळ सरकताच मॅट मधून फुगते. कप सगळीकडे असलेलीच घ्या. बसवताना आधी तळावरचा साबणाचा थर घासून काढा. सेंटीमीटरभर पाणी सोडा, मॅट अंथरा आणि मधून कडेकडे एकेक कप तळहाताने दाबत जा. कोरड्या टबात टाकून वरून पाणी सोडलं तर खाली हवा अडकते आणि मॅट तरंगते. शेवटी कोपरा ओढून बघा. टबाचा तळ मुळातच खरखरीत असेल तर कप धरतच नाहीत. तिथे मॅटच घसरते, तेव्हा ती घेऊच नका.

सीटलाही तेच कप, पण भार उंचावर. बाळ खेळण्यासाठी एका बाजूला वाकलं की पलीकडचा कप सुटतो आणि सीट बाळासकट कलंडते. पाय पट्ट्यांत अडकलेले, त्यामुळे बाळाला तोंड वर काढता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘बसलंय की नीट’ म्हणत मोठी माणसं टॉवेल आणायला उठतात. बुडायला पाच सेंटीमीटर पाणीही पुरतं, आणि आवाजसुद्धा होत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशा सीट वापरू नका असंच सांगते.

मॅट असली तरी एक हात बाळाजवळच हवा. पाणी पाच ते आठ सेंटीमीटर, तापमान ३७ ते ३८ अंश. आधी थंड, मग गरम, शेवटी पुन्हा थोडं थंड सोडा, म्हणजे नळाची तोटी तापलेली राहत नाही. पाणी ढवळूनच कोपर बुडवा. न ढवळता थर्मामीटरही चुकीचा आकडा दाखवतो. बाळ आत असताना नळ सुरू करू नका. साबण शेवटी लावा, नाहीतर मॅटही बुळबुळीत होते.

मॅटचा खरा त्रास म्हणजे खालची बुरशी. रोज एका कडेने सोलून काढा, धुवा आणि कप बाहेरच्या बाजूला ठेवून टांगा. कपांच्या कडा कडक झाल्या किंवा चिरल्या की मॅट बदला.