पाहुणा व्याख्याता की सत्रभराची जोडी?

स्ट्रक्चरल डिझाइन, म्हणजे इमारत भार कसा पेलेल याची आखणी, शिकवायला कामावरचा इंजिनिअर कॉलेजात आणायचा, तर एका व्याख्यानापुरता की सत्रभर प्राध्यापकांच्या जोडीला? व्याख्यान जमवायला सोपं. १९८१ मध्ये कॅन्सस सिटीतल्या हॉटेलचे टांगते पूल कोसळून ११४ माणसं गेली. पूल टांगायला एका अखंड रॉडऐवजी दोन वापरले आणि वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला, हे ऐकून वर्ग सुन्न होतो. पण गोष्ट तिथेच थांबते.

माझं मत सत्रभराच्या जोडीला. तिथे इंजिनिअर मुलांच्याच ड्रॉइंगवर बोट ठेवतो: बीम-कॉलमच्या जोडात एवढ्या सळ्या कोंबल्यावर काँक्रीट उतरणार कुठून? मग मुलं व्यास आणि अंतर पुन्हा मांडतात, आणि बांधकामाच्या नियमावलीतल्या (कोडमधल्या) त्याबद्दलच्या कलमामागचं कारण प्राध्यापक उलगडून सांगतात. वेळा जुळवणं मात्र जिकिरीचं. आठवड्यातली एक दुपार आधीच ठरवून टाकावी.