उलापूलला पावसात जायचंय: तंबू की कॅम्परव्हॅन?

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या उलापूलला आम्ही तिघं दोनदा जाऊन आलो. एकदा भाड्याच्या कॅम्परव्हॅनमधून, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून, एकदा आपल्या नेहमीच्या गाडीच्या डिकीत तंबू टाकून. दोन्ही वेळा जुलै आणि दोन्ही वेळा पाऊस, त्यामुळे हवामानाने कुणाला झुकतं माप दिलं असं म्हणता येणार नाही.

तिथला पाऊस आंबोलीसारखा कोसळत नाही. बुरबुरतो, थांबल्यासारखं करतो, रेनकोट काढला की आडवा येतो. माणूस भिजतो थोडाच, पण वाळत काहीच नाही. निवड करायची ती या न वाळण्याकडे बघून, असं माझं मत झालंय.

व्हॅनची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. वारा सुटला की तंबूत रात्रभर कापड फडफडतं आणि खुंट्या धरतील का, या विचारात डोळा लागत नाही. व्हॅनमध्ये गाढ झोप. सकाळी बाहेर रिपरिप चालू असताना आत बसून पोहे परतता येतात. चिलटांचं म्हणाल, तर वारा पडला की ती ढगासारखी येतात, आणि अशा वेळी सरकन ओढून घेता येणारं दार म्हणजे सुखच. इन्व्हरनेसपासूनचा ५७ मैलांचा रस्ताही रुंद आहे. पुढे अखिलटिबुईकडे वळलं की एकपदरी रस्ता लागतो. तिथे समोरून पोस्टाची गाडी आली आणि मला पासिंग प्लेसपर्यंत, म्हणजे समोरच्याला वाट द्यायला रस्ता रुंद केलेला असतो तिथपर्यंत, व्हॅन मागे घ्यावी लागली. त्या दोन मिनिटांबद्दल बायको अजून काही बोलत नाही.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं बिनसलं ते ओल्या जाकिटांवरून.

वाटेत कॉरीशॅलॉखची घळ आहे. तिथला ४६ मीटरचा धबधबा झुलत्या पुलावरून बघायचा, आणि पावसातच बघायचा. परतलो तेव्हा तीन जाकिटं, तीन पँटी आणि सहा बूट निथळत होते. व्हॅनमध्ये ते ठेवायचे कुठे? एक जाकीट स्टिअरिंगवर, एक कपाटाच्या दाराला, एक पुढच्या सीटवर, बूट सिंकमध्ये. टेबल पाडून पलंग केला, तर कपाटावरचं जाकीट बरोबर मुलीच्या उशीवर ठिबकायला लागलं. काचांना घाम. खिडकी किलकिली केली तर पाऊस आत, बंद केली तर आमच्याच श्वासाची वाफ. सकाळी मोजे रात्रीपेक्षा ओले होते. तिसऱ्या दिवशी अंथरुणाला श्रावणातल्या टॉवेलचा वास यायला लागला.

कोकणातल्या घराला पडवी का असते, ते तेव्हा नीट कळलं. ओलं पडवीत, कोरडं माजघरात. तंबूला पडवी असते, व्हॅनला नाही. दुसऱ्या खेपेला पुढे मोठी ओसरी असलेला तंबू घेतला आणि त्यापुढे एक ताडपत्री ताणली. जाकिटं ओसरीत दोरीवर, बूट तिथेच उलटे, आणि आतली चेन उघडायची ती कोरडे मोजे घालून. स्वयंपाक ताडपत्रीखाली, उघड्यावरच. पाऊस कितीही असो, तंबूच्या आत शेगडी पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. फार भिजलेलं काही असेल तर गाडीत हीटर लावून फिरायला निघायचं, तंबू जागेवरच. दूध-पाव आणायला तर गाडीही लागत नाही. हेरिंगच्या मासेमारीसाठी १७८८ मध्ये आखून वसवलेलं गाव आहे, सरळ रेषेतल्या गल्ल्या, दहा मिनिटांत सगळं पायी. संध्याकाळी ओसरीत चहा घेऊन बसलं की स्टॉर्नोवेची फेरीबोट लॉख ब्रूमच्या खाडीतून आत येताना दिसते.

कायद्याचं पारडंही थोडं तंबूकडे झुकतं. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने तंबू ठोकता येतो, पण तो हक्क मोटारीत झोपणाऱ्याला लागू नाही. आम्ही दोन्ही वेळा कॅम्पसाइटवरच राहिलो, त्यामुळे यावर फार बोलत नाही.

मूल अगदी लहान असेल किंवा कंबर कुरकुरत असेल, तर व्हॅनच घ्या, मी वाद घालणार नाही. व्हॅनला बाहेरून जोडायची कनातही मिळते. आमच्या भाड्याच्या व्हॅनला ती असती, तर कदाचित मी वेगळं लिहिलं असतं.

आणि हो, तंबू ओलाच गुंडाळून आणावा लागतो. बाहेरचं कापड वेगळ्या पिशवीत भरा, आणि घरी आल्याबरोबर उलगडा, नाहीतर बुरशी धरते. आमचं दोन दिवस झाले बाथरूमच्या दांडीवर आहे. अंघोळीला जाताना ते बाजूला सारावं लागतं, पण उशीवर ठिबकत नाही.