फटाक्यांसाठी कुत्र्याचं घट्ट जॅकेट: साडेतीन स्टार, त्यातला अर्धा अल्टरेशनवाल्या काकांना

आमचा भुऱ्या गावठी. गल्लीतल्या कुणालाही अंगावर घ्यायची तयारी, पण सुतळी बॉम्ब वाजला की स्वारी थेट कमोडच्या मागे. ढोल-ताशाचं मात्र त्याला काही नाही. आम्ही पुण्यात नदीकाठी राहतो, गणपतीच्या आधी रोज संध्याकाळी पथकांचा सराव चालतो. पिल्लू असल्यापासून ऐकतोय, त्यामुळे कान हलवतो आणि कूस बदलतो. ढोलाला निदान ठेका असतो. फटाका कधी, कुठून वाजेल याचा काही नेम नाही.

म्हणून ऑनलाइन हे जॅकेट मागवलं, १,६०० रुपये. तान्ह्या बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात तसा छाती-पोटावर हलका दाब राहतो, कुत्रं सावरतं, असा दावा. यावरच्या संशोधनाचे निकाल संमिश्र आहेत, आणि पाकिटावरचं ‘१५ मिनिटांत शांत’ तर साफ विसरा. सासूबाईंनी पाहिल्या पाहिल्या विचारलं, “याला ऑक्टोबरात स्वेटर कशाला?”

आधी मापाचं रडगाणं. तक्ता लॅब्रेडॉर, बीगल असल्यांसाठी. गावठी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर चिमटीएवढी. मीडियम छातीला बसलं, पोटाशी झोळ. दाबच पडणार नसेल तर जॅकेट कशाला? विक्रेत्याने ‘तक्त्यानुसारच पाठवलंय’ म्हणून बदलून द्यायला नकार दिला. शेवटी कोपऱ्यावरच्या अल्टरेशनवाल्या काकांकडे गेले. “फिटिंगला गिऱ्हाईक घेऊन या,” म्हणाले. भुऱ्या दुकानात उभा राहिला, काकांनी टाचण्या न लावता खडूने खुणा केल्या, ४० रुपयांत काम झालं.

दुसरी भानगड व्हेल्क्रोची. आवाजाला भिणाऱ्या कुत्र्याच्या जॅकेटला चर्रर्र करून उघडणारी पट्टी लावायची अक्कल कुणाची, कळत नाही. पहिल्यांदा उघडली तर भुऱ्या पलंगाखाली. मग शेजारच्या खोलीत बसून पट्टी हळूच उघडायची, लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि रोज थोडं जवळ सरकायचं. फटाक्यांच्या रेकॉर्डिंगलाही हीच रीत. मोबाइलचा आवाज अगदी बारीक, चिकन, कान मागे गेले की आवाज आणखी कमी. याला आठवडे लागतात, त्यामुळे वसुबारसेला सुरू करून काही उपयोग नाही. जॅकेटही आधी साध्या दिवशी, खाऊ देत घालायचं. फक्त बॉम्बच्या वेळी घातलंत तर कुत्रं जॅकेट पाहूनच थरथरेल. खरं काम हे आहे, आणि पाकिटात त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ.

नरकचतुर्दशीला पहाटेच्या पहिल्या माळेआधी घातलं, बरं गेलं. लक्ष्मीपूजनाची परीक्षा मोठी. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, आमच्या गल्लीत साडेसहालाच मुहूर्त लागतो. पाचला फिरवून आणलं, पोटभर जेवण, खिडक्या-पडदे बंद, पंखा फुल, टीव्हीवर बातम्यांची भांडणं. धापा कमी टाकल्या, कमोड गाठला नाही, माझ्या पायाशी पडून राहिला. पार्किंगमध्ये मोठी माळ लागली तेव्हा थरथरला, मी जवळ घेतलं. ‘जवळ घेतलंत तर भीती वाढते’ म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा. यातलं श्रेय जॅकेटचं किती आणि बंद खोलीचं किती, हे भुऱ्याच सांगू शकेल.

कापड मात्र गरम आहे. तासाभराने काढलं तर काखेत घासून लाल झालेलं. मधूनमधून काढा, आणि जॅकेट घालून कुत्र्याला एकटं सोडू नका.

कुत्रं दार ओरबाडत असेल, पळून जात असेल, तर जॅकेटवर विसंबू नका. दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टर गाठा, म्हणजे औषध साध्या दिवशी देऊन पाहता येतं. शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी तर नकोच. नुसत्या एसीप्रोमाझिन या गुंगीच्या औषधाने अंग ढिलं पडतं, आतली भीती तशीच राहू शकते.

व्हेल्क्रोऐवजी क्लिपा असलेलं मिळालं तर पुन्हा घेईन. आणि मांजरवाल्यांनी या फंदात पडू नये. वरच्या मजल्यावरच्या मनीला लहान मापाचं घातलं, ती जी आडवी झाली ती काढेपर्यंत उठलीच नाही.