लोह घातलेले मक्याचे पीठ: पाकीट वाचून, भाकरी खाऊन

धुळ्यातील एका किराणा दुकानातून आणलेल्या मक्याच्या पिठाच्या पाकिटावर लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घातल्याचे ठळक अक्षरांत छापले आहे. मात्र लोह कोणत्या रूपात आणि किलोमागे किती घातले, हे मागच्या बारीक मजकुरातही सापडत नाही. ही त्रुटी किरकोळ नाही. मक्यातील फायटेट हा नैसर्गिक घटक लोहाचे शोषण कमी करतो, म्हणून साल-अंकुरासह दळलेल्या पिठात लोहाचे सोडियम आयर्न ईडीटीए हे रूप अधिक उपयोगी मानले जाते; पण येथे अंकुर काढला आहे की नाही, याचाही उल्लेख नाही. अन्नात पोषक घटक घालण्याबाबतच्या केंद्राच्या २०१८च्या नियमांत मीठ, तेल, दूध, तांदूळ आणि गव्हाच्या पिठाचे निकष आहेत, मक्याच्या पिठाचे नाहीत. तेव्हा आकडे छापण्याची जबाबदारी उत्पादकाचीच ठरते.

पीठ मात्र बारीक, फिकट पिवळे आणि खवटपणा नसलेले आहे. उकळत्या पाण्यात उकड काढून, कोमट असतानाच तळहाताने रगडून मळल्यास भाकरी फारशी न तडकता थापता येते. लोहाची चव लागत नाही. गिरणीतून आणलेल्या ताज्या पिठाचा गोडसर वास तेवढा नाही, आणि किंमत जवळपास दुप्पट आहे. ठेच्याबरोबर खाताना दोन्ही गोष्टी विसरता येतात, असे म्हणणार नाही.

दक्षिण आफ्रिकेने २००३ पासून आणि केनियाने २०१२ पासून मक्याच्या पिठात पोषक घटक घालणे सक्तीचे केले, तर अमेरिकेने २०१६ मध्ये चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठात फॉलिक ॲसिड घालण्यास परवानगी दिली. हे मोठ्या कारखान्यांत सहज जमते. केनियातील गावोगावच्या छोट्या चक्क्यांवर मोजून मिश्रण घालणे आणि त्यावर देखरेख ठेवणे मात्र अवघड जाते. आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात घरचा मका गावच्या गिरणीत दळून भाकरी करणाऱ्या कुटुंबांनाही हेच लागू पडते. पाकीट त्यांच्यासाठी नाही, आणि लोहाची गरज मात्र तेथेही आहे.

नंदुरबार पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत; त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात जादा लोह साठू शकते, म्हणून असे रुग्ण असलेल्या घरांनी हे पीठ डॉक्टरांना विचारूनच वापरावे. पाकिटावर त्याबद्दल एक ओळही नाही. इतरांनी एकदा आणून पाहण्यास हरकत नाही, पण गिरणीचे पीठ बंद करून हे सुरू करावे, असे सांगण्याइतकी माहिती या पाकिटाने दिलेली नाही.