‘घाम आला म्हणजे चरबी जळतेय’ असं सांगून विकलेलं विष

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या जिममधल्या ट्रेनरने पिवळी पूड भरलेल्या कॅप्सूल विकल्या. पांढऱ्या डबीवर ‘फॅट बर्नर’ एवढंच स्टिकर. कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. पैसे रोख, पावती नाही. “यानं मायटोकॉन्ड्रिया अॅक्टिव्हेट होतात, पेशीची एनर्जी वाढते,” असं ट्रेनरनं सांगितलं होतं.

वजन भराभर उतरलं, हे खरं. पण पंखा फुल असतानाही रात्री त्याची गादी घामानं ओली व्हायची, बनियनवर पिवळे डाग पडायचे आणि एक जिना चढला तरी त्याला धाप लागायची. त्यानं ट्रेनरला विचारलं, तर उत्तर आलं, “मस्त! लागू पडतंय. अजून एक वाढव.” विषबाधेची लक्षणं ‘रिझल्ट’ म्हणून विकायची, ही यातली सगळ्यात नीच गोष्ट.

एका रात्री त्याचं अंग अक्षरशः भाजत होतं, छाती धडधडत होती आणि पॅरासिटामॉल देऊनही ताप हलेना. आयसीयूतल्या डॉक्टरांनी डबी मागवली, पूड पाहिली आणि डायनायट्रोफिनॉलचा, म्हणजे डीएनपीचा संशय बोलून दाखवला. पुढे तपासणीत तेच निघालं.

हे रसायन काय करतं, ते डॉक्टरांनी ताईला, म्हणजे मला, नीट समजावलं. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, अन्नातल्या ऊर्जेवर प्रोटॉन (धनभारित सूक्ष्म कण) आपल्या आतल्या पडद्यापलीकडे ढकलून साठवतात. ते प्रोटॉन एका ठरावीक एन्झाइममधून परत येतात तेव्हा एटीपी तयार होतं, आणि पेशीचं सगळं काम त्याच्यावर चालतं. डीएनपी प्रोटॉनना पडद्यातूनच परस्पर आत आणतं. कोयनेच्या भिंतीला भगदाड पडून पाणी टर्बाइनला न शिवता वाहून जावं, तसं. इंधन जळतं, प्राणवायू जास्त लागतो, पण एटीपी घटतं आणि उरलेली ऊर्जा निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे ‘एनर्जी वाढते’ हे साफ खोटं होतं. हा ताप मेंदूनं चढवलेला नसतो, म्हणून तापाची गोळी त्याला उतरवू शकत नाही. डीएनपीवर उतारा नाही. बर्फ, थंड सलाइन आणि वाट पाहणं, एवढंच हातात असतं.

“नवजात बाळाच्या शरीरातही हेच होतं, नॅचरल आहे,” असंही हे लोक सांगतात. बाळाच्या तपकिरी चरबीत असं होतं खरं, पण तिथे ते शरीराच्या ताब्यात असतं, हवं तेव्हा थांबतं. कॅप्सूल पोटात गेल्यावर थांबवणारं कुणी नसतं. वर आदल्या दिवशीचा डोस पुरता निघून जायच्या आत पुढचा त्यावर चढतो.

यात नवीन काही नाही, याचा मला जास्त संताप येतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार यानं दगावले. 1933 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वजन घटवायला ते वापरलं आणि ते भराभर खपलं. मग मोतीबिंदू आणि मृत्यू समोर आले आणि 1938 मध्ये तिथल्या सरकारनं ते माणसानं खाण्यालायक नाही असं ठरवलं.

भाऊ वाचला. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन, दोन्हीकडे तक्रार दिली आहे. ट्रेनरनं नंबर बदलला आहे. अशी पिवळी पूड घरात कुणाकडे असेल तर आजच बंद करा. घाम, धडधड, ताप यातलं काहीही दिसलं तर घरी ॲस्पिरिन देऊ नका, त्यानं हाच त्रास वाढू शकतो. डबी सोबत घ्या आणि थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.