सावळा वर्ण रंगवताना क्रिटा

वैशाखातल्या नागपूरच्या दुपारी, महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर बसलेल्या आजीचा एक फोटो माझ्याकडे होता. त्यावरून तिचे व्यक्तिचित्र मी महिनाभर क्रिटामध्ये रंगवले. क्रिटा हे विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालणारे, चित्रे रंगवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर असून त्याच्या संकेतस्थळावरून ते विनामूल्य उतरवून घेता येते. हे परीक्षण मात्र मी त्वचेच्या रंगापुरतेच लिहीत आहे.

आजीचा वर्ण सावळा. मूळ तपकिरी रंग भरून झाल्यावर सावलीसाठी मी वर एक लेयर, म्हणजे चित्राचा वेगळा पारदर्शक थर, घेतला, त्याला मल्टिप्लाय हा रंगमिश्रणाचा प्रकार लावला आणि सवयीने त्यात करडा रंग ओढला. चेहरा राख फासल्यासारखा दिसू लागला. दोष सर्वस्वी माझा होता. मल्टिप्लायमध्ये वरच्या रंगाच्या किमतीने खालच्या रंगाची किंमत गुणली जाते, त्यामुळे करड्याने लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही घटक सारख्याच प्रमाणात उतरतात, छटा जागची हलत नाही आणि केवळ उजेड कमी होतो. करड्याऐवजी फिकट तांबूस-जांभळा घेतला, तेव्हा हिरवा घटक लालपेक्षा अधिक उतरला आणि गालाखालच्या सावलीत ऊब आली. ओसरीच्या लाल फरशीवरून उसळणारे ऊन हनुवटीखाली पडत होते, तेही या एका बदलाने पटण्याजोगे झाले.

क्रिटात एल हे अक्षर दाबले की हातातला रंग उजळतो आणि के दाबले की गडद होतो. सोय मोहात पाडणारी आहे, पण निव्वळ तिच्यावर विसंबून रंगवलेली सावळी त्वचा लाकडी दिसते. मेलॅनिन हे त्वचेतले रंगद्रव्य आत शिरलेला प्रकाश शोषून घेते, पृष्ठभागावरून परावर्तित होणारी चमक मात्र कमी करत नाही; म्हणूनच सावळ्या कपाळावरची आणि नाकाच्या शेंड्यावरची चकाकी गोऱ्या चेहऱ्यापेक्षा ठळक उठते आणि सावलीत बसलेल्या माणसाच्या बाबतीत तिच्यात आकाशाचा निळसरपणा उतरतो. ही निळसर चकाकी मी वेगळ्या लेयरवर, उजवी कळ दाबून उघडणाऱ्या गोल पॅलेटमधून रंग निवडत बारीक ब्रशने ठेवली, आणि तिथेच चित्रात आजी दिसू लागली.

रंग कडेबाहेर जाऊ नये म्हणून असलेली इनहेरिट अल्फा ही सुविधा त्या गटातल्या खालच्या सर्व लेयरांचा विचार करते, त्यामुळे चेहऱ्याचे लेयर वेगळ्या गटात ठेवले नाहीत तर पार्श्वभूमीही हिशोबात धरली जाते आणि काहीच अडत नाही. नवख्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

बर्डीवरच्या एका दुकानात पहिली प्रत छापून घेतली, तेव्हा उन्हातला झळझळीत नारिंगी गाल विटकरी होऊन आला. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता, कारण पडद्यावरचे कित्येक तेजस्वी रंग छपाईच्या चार शाईंत मावतच नाहीत. क्रिटातील सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छापील रंग कसे दिसतील ते पडद्यावरच दाखवणारी सोय, सुरू करून, आवाक्याबाहेरचे रंग दाखवणारी सूचना चालू केल्यावर नेमका तोच गाल खुणेने भरून गेला. हे मी आधी करायला हवे होते. नारिंगीचा भडकपणा उतरवून दुसरी प्रत काढली. आईने ती हातात घेऊन बराच वेळ न्याहाळली आणि एवढेच विचारले, की आजीच्या सोन्याच्या कुड्या पितळी का दिसतात.